चिमणीतला सीओटू पकडायचाय? आधी भट्टी घट्ट करा

रसायनी, नागोठणे, रोहा, महाड, लोटे, या सगळ्या पट्ट्यात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी कार्बन कॅप्चर आहे, म्हणजे चिमणीतला कार्बन डायऑक्साईड (सीओटू) हवेत जायच्या आधी पकडणं. कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची स्कीम २०२३ ला नोटिफाय झाली, त्यात पेट्रोकेमिकल पण आलं, मग हेड ऑफिसातून ईमेल सुरू झाल्या आणि शेवटी ते सगळं येऊन पडतं एखाद्या ट्रेनी इंजिनिअरच्या टेबलावर, की बाबा रे, फर्नेसच्या धुरातून सीओटू कसा काढायचा त्याचा जरा अभ्यास करून दे, सोमवारी मीटिंग आहे. त्या पोरासाठी हे लिहितोय. वेंडर येईल तेव्हा तो तुम्हाला धुरातून सीओटू धुऊन काढणाऱ्या टॉवरची चकचकीत चित्रं दाखवेल, पण टॉवर हा यातला सोपा भाग आहे. भट्टीत हवा किती घुसते, स्टीम कुठून आणणार आणि पकडलेला गॅस कुठे घालणार, घोडं या तीन ठिकाणी अडतं.

आधी चिमणी सोडून बाकी प्लांट बघा

हे ऐकायला उलटं वाटेल पण कॉम्प्लेक्समधे इथिलीन ऑक्साईडचं युनिट असेल तर पहिल्यांदा तिकडे जा. तिथे थोडं इथिलीन रिॲक्टरमधे पूर्ण जळून त्याचा सीओटू होतो, तो गरम पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात धरतात आणि पुढच्या टॉवरमधे सोडून देतात, म्हणजे कॅप्चर ऑलरेडी झालेलं आहे, फक्त व्हेंट हवेत उघडा आहे. त्यातली पाण्याची वाफ काढली की उरतो तो जवळजवळ निव्वळ सीओटू. थंड करा, सुकवा, कॉम्प्रेस करा, झालं. तसंच हायड्रोजन युनिट असेल तर रिफॉर्मरनंतरच्या (म्हणजे नॅचरल गॅस आणि स्टीमपासून हायड्रोजन करणाऱ्या भट्टीनंतरच्या) प्रोसेस गॅसमधे सीओटू १५ टक्क्यांच्या आसपास आणि तोही २० बारच्या वर प्रेशरला मिळतो, तिथून काढणं धुरातून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. भट्टीच्या धुरात तो असतो ८ टक्के, प्रेशर शून्य, वर गरम आणि ऑक्सिजन मिसळलेला. क्रॅकर फर्नेस (नाफ्था किंवा गॅस तोडून इथिलीन करणारी भट्टी) असेल तर अजून पातळ, कारण तिथे जळतो तो प्लांटचाच टेल गॅस, मिथेन आणि हायड्रोजनचा, आणि हायड्रोजन जितका जास्त तितका धुरात सीओटू कमी, ५-६ टक्क्यांवर पण येतो.

हे सगळं बघून झालं आणि तरी चिमणीवरच यायचं असेल तर या. आणि हे होतच नाही असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, इफ्कोच्या आंवला आणि फुलपूरच्या खत कारखान्यांत २००६ पासून रिफॉर्मरच्या फ्ल्यू गॅसमधून, म्हणजे धुरातून, दिवसाला ४५० टन सीओटू काढायचे प्लांट बसलेत, टेक्नॉलॉजी मित्सुबिशीची. का बसवले? नॅचरल गॅसपासून अमोनिया केला की युरियाला सीओटू थोडा कमी पडतो, म्हणून. म्हणजे त्यांना गिऱ्हाईक घरातच होतं, हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

हिशोब मांडा

आपण एक भट्टी धरू, तासाला ३ टन नॅचरल गॅस जाळणारी. सोपेपणासाठी तो सगळा मिथेन समजा. १ किलो मिथेन जळला की २.७५ किलो सीओटू, म्हणजे तासाला सव्वाआठ टन, दिवसाला साधारण २०० टन. आता हवा. १५ टक्के जादा हवा दिली तर धुरात ऑक्सिजन कोरड्या मापाने ३ टक्के दिसतो, धूर होतो तासाला अंदाजे ५०,००० नॉर्मल घनमीटर आणि त्यात सीओटू ८.४ टक्के. हीच भट्टी जर ६ टक्के ऑक्सिजनवर चालत असेल, आणि आपल्याकडे अशा चालतात, कोणाला राग आला तर येऊ दे, तर धूर वाढून ५८,५०० च्या पुढे जातो आणि सीओटू उतरतो ७.२ वर. सीओटूचे टन तेवढेच पण ब्लोअर, कूलर, टॉवर सगळं १७ टक्के जास्त धुरासाठी घ्यावं लागणार. शिवाय ती जादा हवा गरम करून चिमणीतून घालवायला जो गॅस जळतो तो वेगळाच.

म्हणून पहिलं काम भट्टी घट्ट करायचं. ऑक्सिजन दोन जागी मोजा, एकदा आर्चला म्हणजे रेडियंट सेक्शनच्या डोक्यावर आणि एकदा स्टॅकला. आर्चला ३ आणि स्टॅकला ५ आला तर मधल्या कन्व्हेक्शन सेक्शनमधून (जिथे धुरातली उरलेली उष्णता घेतात) बाहेरची हवा आत ओढली जातेय. मोजताना एक भानगड होते, झिर्कोनिया ॲनालायझर ओला धूर मोजतो आणि हातातलं पोर्टेबल मीटर कोरडा, त्यामुळे एकाच धुराला एक २.५ म्हणतो आणि दुसरा ३, यावरून इन्स्ट्रुमेंट आणि प्रोसेसवाल्यांची भांडणं लावू नका.

हवा घुसते कुठून, तर पीप डोअर (आत डोकावायच्या खिडक्या) नीट न लागलेले, ट्यूब जिथून आत जाते तिथल्या फटी, हेडर बॉक्सचे दरवाजे, आणि किनाऱ्यावरच्या जुन्या प्लांटमधे सगळ्यात जास्त म्हणजे गंजलेलं केसिंग. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पत्र्याला भोकं पडतात आणि आत निगेटिव्ह ड्राफ्ट, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी प्रेशर, असल्यामुळे धूर बाहेर येत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. चालू भट्टीवर थर्मल कॅमेऱ्याने थंड पट्टे दिसतात, शटडाऊनमधे आत स्मोक बॉम्ब लावून बघता येतं. नंतर आर्चचा ड्राफ्ट उणे २ ते ३ मिलिमीटर पाण्यावर आणा, त्याहून जास्त ओढ कशाला पाहिजे? या कामाला कॅप्चरच्या मानाने चिल्लर खर्च येतो आणि पुढे कॅप्चर प्लांट झाला नाही तरी गॅस वाचतोच.

स्टीम, म्हणजे नाकापेक्षा मोती जड

आता समजा ९० टक्के पकडायचं ठरलं. तासाला ७.४ टन. सर्वात माहितीतलं सॉल्व्हंट (सीओटू धरणारं द्रावण) म्हणजे एमईए, मोनोइथेनॉलअमाईन, पाण्यात ३० टक्के. एका टॉवरमधे (ॲबसॉर्बर) ४० ते ५० अंशाला ते धुरातला सीओटू धरतं, दुसऱ्यात (स्ट्रिपर) १२० अंशाला सोडतं आणि परत पहिल्याकडे फिरतं. सोडवायला उष्णता लागते टनामागे ३.५ ते ४ गिगाज्यूल, नवीन सॉल्व्हंटवाले ३ च्या खाली सांगतात. ३.६ धरा, म्हणजे एक टन सीओटूला जवळपास १.७ टन लो प्रेशर स्टीम. आपल्या भट्टीला तासाला साडेबारा टन.

ही स्टीम जर नवीन गॅस बॉयलर लावून केलीत तर तासाला अजून ०.६ टन गॅस जळेल आणि त्याचा १.६ टन सीओटू दुसऱ्या चिमणीतून जाईल. ७.४ पकडला, १.६ नवा सोडला, हातात उरला ५.८. प्रेझेंटेशनमधे कोणी ९० टक्के लिहिलं की हा प्रश्न विचारायचाच. त्यामुळे आधी प्लांटभर फिरून वाया जाणारी उष्णता शोधा, कुठे लो प्रेशर स्टीम व्हेंट होतेय, कुठे साडेतीन-चार बारची स्टीम लेटडाऊन व्हॉल्व्हमधून प्रेशर पाडून नुसतीच उतरवली जातेय, कुठे १४०-१५० अंशाचा प्रोसेस स्ट्रीम फिनफॅनवर (पंख्याच्या हवेने) थंड होतोय. क्रॅकरवाल्या प्लांटमधे असं काही ना काही सापडतंच. न सापडल्यास कॅप्चरचं साईज कमी करा, भट्टीचा अर्धाच धूर घ्या. सगळा धूर घेतलाच पाहिजे असा काही नियम नाहीये.

चिमणीला जोड कशी द्यायची

इथे हलगर्जीपणा नको. भट्टी ही रोजीरोटी आहे आणि कॅप्चर प्लांट तिच्या मागे लागलेलं शेपूट, शेपूट अडकलं म्हणून भट्टी ट्रिप होता कामा नये. चिमणी वरून कायम उघडी ठेवायची, डक्ट आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा) किंवा स्टॅक डॅम्पर (चिमणीतली झडप) यांच्या पुढे जोडायची, आणि ब्लोअर असा कंट्रोल करायचा की थोडासा धूर चिमणीतून वर जातच राहील. ब्लोअर बंद पडला तर सगळा धूर आपोआप वर जाईल आणि फायरबॉक्समधे प्रेशर चढणार नाही. वर थोडा धूर जातोय हे कळायला जोडाच्या वर चिमणीत एक थर्मोकपल बसवा. तापमान खाली यायला लागलं म्हणजे ब्लोअर वरून बाहेरची हवा ओढतोय, स्पीड कमी करा. दोन हजारांची वस्तू आहे पण महागाच्या ॲनालायझरच्या आधी हीच सांगते.

क्रॅकर असेल तर भट्ट्या सहा-आठ असतात आणि सगळ्यांचा धूर एका हेडरला घ्यायचा मोह होतो. घ्या, पण प्रत्येकीला गिलोटिन डॅम्पर (डक्ट पूर्ण बंद करणारी सरकती झडप) द्या, कारण ठराविक दिवसांनी प्रत्येक भट्टी डिकोकिंगला (ट्यूबमधे साचलेला कोक जाळून काढायला) जाते, आणि डिकोकिंगचा माल फायरबॉक्समधे सोडायची पद्धत असेल तर कोकची बारीक पूड धुराबरोबर थेट तुमच्या अमाईनमधे येऊन बसेल. त्या काळात ती भट्टी हेडरवरून काढायची. ऑपरेटरच्या डिकोकिंग चेकलिस्टमधे ही ओळ पहिल्या दिवशीच घाला.

धूर थंड करणं आणि अमाईन सांभाळणं

धूर १५० अंशाला येतो, तो डायरेक्ट कॉन्टॅक्ट कूलरमधे पाण्याच्या फवाऱ्याने ४० च्या आसपास आणायचा. आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. पावसाळ्यात वेट बल्ब (बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जिथपर्यंत थंड होऊ शकतं ते तापमान) २७-२८ अंश, त्यामुळे कूलिंग टॉवरचं पाणी ३२ च्या खाली येत नाही, युरोपातल्या डेटाशीटवर कूलिंग वॉटर २० अंश लिहिलेलं असतं, ते तसंच कॉपी झालं तर एक्स्चेंजर लहान पडणार. वेंडरला ३३ अंश द्या आणि धूर ४२-४५ ला येईल असं धरून गॅरंटी मागा.

याच कूलरमधे धुरातली वाफ निवळते, आपल्या भट्टीला तासाला चार टनाच्या आसपास पाणी. ते गटारात सोडू नका, थोडं आम्ल असतं, न्यूट्रल करून कूलिंग टॉवरला मेकअप म्हणून वापरा. या प्लांटमुळे कूलिंग टॉवरचं बाष्पीभवनच दिवसाला चारशे घनमीटरच्या वर वाढतं, आणि एप्रिल-मेमधे कोकणात पाण्याची काय बोंब असते ते वाड्यांवर टँकर बघणाऱ्याला सांगायला नको. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो पण सगळा समुद्रात.

फ्युएलमधे सल्फर असेल तर कूलरच्या पाण्यात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साईड) डोस करून एसओटू (सल्फर डायऑक्साईड) १० पीपीएमच्या खाली आणा. एसओटू आणि एनओटू (नायट्रोजन डायऑक्साईड) एमईएला धरून असं मीठ करतात की ते स्ट्रिपरमधे तापवून सुटत नाही, त्याला हीट स्टेबल सॉल्ट म्हणतात. ते साचलं की अमाईनची ताकद जाते, गंज वाढतो, फेस येतो. ऑक्सिजन तर धुरात आहेच, तो अमाईन हळूहळू सडवतो. टनामागे दीड-दोन किलो एमईए जातं असं धरून चाला, आपल्या भट्टीला दिवसाला तीनशे किलो. जास्त जायला लागलं तर ॲबसॉर्बरच्या टोकाला अमोनियाचा वास येतोय का बघा, सडण्याची ती पहिली खूण. टोकावर वॉटर वॉश पाहिजेच, नाहीतर अमाईन धुराबरोबर वर जाऊन आसपासच्या गावावर उतरेल आणि मग ग्रामपंचायतीत उत्तरं द्यायला तुम्हीच जाणार.

पंपाचा अंदाज असा, ॲबसॉर्बरमधे येताना (लीन) प्रत्येक मोल अमाईनवर ०.२ मोल सीओटू, जाताना (रिच) ०.४५, याला लोडिंग म्हणतात, म्हणजे फरक ०.२५, त्यावरून सर्क्युलेशन तासाला १३५ घनमीटरच्या आसपास निघतं. स्ट्रिपरच्या तळाशी स्टीमने अमाईन तापवणाऱ्या रीबॉयलरमधे १२२ अंशाच्या वर जाऊ देऊ नका, स्टीम डीसुपरहीट करूनच (जादा गरमी काढूनच) द्या, नाहीतर ट्यूबच्या भिंतीला अमाईन जळतं. रिच अमाईनच्या लाईन, लीन-रिच एक्स्चेंजर, स्ट्रिपरचा वरचा भाग, इथे कार्बन स्टील वापरून पैसे वाचवायला जाऊ नका, तिथे स्टेनलेसच. मात्र स्टेनलेसचं आपल्या हवेत वेगळं दुखणं आहे, बाहेरून मीठ आणि आतून ६० अंशाच्या वर गरमी असली की ३०४ ला इन्सुलेशनखाली बारीक चिरा पडतात. ३१६ एल घ्या, इन्सुलेशनखाली पेंट करा आणि क्लॅडिंगचे सांधे मे महिन्यात सील करून घ्या, जूनमधे परमिट काढून मचाणावर चढायला कोणी तयार होत नाही.

सुरू करताना

नवीन टॉवर आणि पाईपात ऑईल, ग्रीस, मिल स्केल असतं आणि तेच फेसाचं मूळ. आधी पाण्याने फ्लश, मग २-३ टक्के कॉस्टिक गरम करून फिरवा, मग डीएम (क्षार काढलेलं) वॉटर, मग थोड्या एमईएचं पातळ द्रावण फिरवून तेही काढून टाका, नंतरच खरा चार्ज. साधं एमआयडीसीचं पाणी चार्जला वापरू नका, क्लोराईड आत जातो. अमाईनच्या टाकीवर नायट्रोजन ब्लँकेट हवं. मग थंड सर्क्युलेशन, मग स्टीम, स्ट्रिपर गरम होऊन लीन लोडिंग खाली आलं की मग ब्लोअर लावून धूर हळूहळू घ्या, आधी २० टक्के, टॉवरचा डीपी (खाली-वरच्या प्रेशरमधला फरक) बघत पुढे. डीपी अचानक उडाला म्हणजे फेस. अँटीफोम थोडंच टाका, बादलीभर ओतलं तर तेच फेस करतं. लॅबला रोज लीन आणि रिच लोडिंग, अमाईन स्ट्रेंथ, आठवड्याला लोह आणि हीट स्टेबल सॉल्ट द्यायला सांगा. लोह चढायला लागलं तर कुठेतरी पाईप खाल्ला जातोय. खराब अमाईन उकळून साफ करणाऱ्या रिक्लेमरचा काळा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो तळोजाच्या फॅसिलिटीला जातो, त्याची परवानगी एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमधे आधीच घालून घ्या.

पकडला, आता घालायचा कुठे?

दिवसाला १८० टन सीओटू म्हणजे रोज दहा-बारा टँकर. कोल्ड्रिंक, वेल्डिंग, ड्राय आईस, फायर एक्स्टिंग्विशर, हे सगळं मिळून आसपासचं मार्केट किती हे बघूनच आकडा ठरवा. मासळीवाल्यांना ड्राय आईस विकू ही आयडिया दर मीटिंगला कोणीतरी काढतो, पण मिरकरवाड्याला काय किंवा ससून डॉकला काय, ट्रॉलरवर साधा बर्फच चढतो. फूड ग्रेड करायचा तर भारतीय मानक आयएस ३०७ चं स्पेसिफिकेशन आणि त्यासाठी अजून प्युरिफिकेशन. आणि बाटलीतला सीओटू बाटली उघडली की परत हवेत, तेव्हा त्याचं क्रेडिट मागायला जाऊ नका.

मेथॅनॉल करू म्हणाल तर १८० टनाला रोज साडेचोवीस टन हायड्रोजन लागेल, तो पाण्यापासून काढायचा तर ५५ मेगावॉटच्या आसपास वीज चोवीस तास. युरिया बरा, एका टनाला ०.७३ टन सीओटू खातो, आणि अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहेच, पण त्यांच्याकडे अमोनिया उरत असेल तरच त्यांना बाहेरचा सीओटू लागणार, ते आधी विचारा.

जमिनीत घालायचं म्हणाल तर रायगड-रत्नागिरीच्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. आईसलँडला २०१२ मधे कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला सीओटू बेसॉल्टमधे सोडला आणि त्यातला ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला. पण टनामागे २५ टनाच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे आपल्याला रोज साडेचार हजार टन, आणि आईसलँडचा बेसॉल्ट कोवळा, सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. मुंबई हायच्या जुन्या तेलक्षेत्रांची पण चर्चा असते. आयआयटी मुंबईत यावर नॅशनल सेंटर आहे, तिथल्या लोकांशी बोला, पण २०० टनांच्या भट्टीसाठी तुम्ही एकट्याने विहीर खणणार नाही, क्लस्टर करावं लागेल.

पाईपलाईन असो की टँकर, सुकवणं चुकवू नका. ओला सीओटू म्हणजे कार्बोनिक ॲसिड, कार्बन स्टील खाऊन टाकतो, त्यामुळे ड्रायरपर्यंत सगळं स्टेनलेस. टँकरला १५-२० बार आणि उणे २० ते ३० अंशाला द्रव करतात, पाईपलाईनला १०० बारच्या वर नेतात, कारण ७४ बार आणि ३१ अंशाच्या पुढे तो दाट होऊन पंप करता येतो. टाक्या आल्या की पेसोची (स्फोटकं आणि प्रेशरच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगी आली.

आणि रूट आखताना डोंगराचा पाय टाळा. २२ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ पावसाने जमीन सरकली आणि सीओटूची पाईपलाईन तुटली, ४५ लोक हॉस्पिटलात गेले, दोनशेच्या आसपास हलवावे लागले, वाटेत गाड्यांची इंजिनं बंद पडली. आपल्याकडे २०२१ ला तळिये आणि २०२३ ला इर्शाळवाडी झालीय, दरड काय असते ते आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

प्लांटच्या आतही हेच. सीओटू हवेच्या दीडपट जड, तो केबल ट्रेंचमधे, पंप पिटमधे, पावसाळी नाल्यात जाऊन बसतो. आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम, आणि ४०,००० ला जीवाला धोका. इथे एक गोष्ट खूप जण विसरतात, ४ टक्के सीओटू मिसळला तरी ऑक्सिजन २१ वरून २० वरच येतो, आणि खिशातल्या ऑक्सिजन मीटरचा अलार्म १९.५ ला वाजतो. म्हणजे माणूस पडेल पण मीटर गप्प. तेव्हा सीओटूचे वेगळे डिटेक्टर घ्या, जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावा, कॉम्प्रेसर शेड, टँकर लोडिंग आणि प्रत्येक पिटच्या तोंडाशी, आणि पिटमधलं पावसाचं पाणी उपसायला उतरणाऱ्या कंत्राटी माणसाच्या परमिटवर सीओटूचं रीडिंग लिहिल्याशिवाय सही करू नका.